मिस्सेत गाणं आणि मिस्सा गाणं

इस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी मिस्सा, म्हणजे आमची रविवारची मुख्य उपासना, संपली आणि चर्चच्या पायऱ्यांवर एका काकांनी मला अडवलं. "बाय, ही मयताची चाल कशाला लावलीस? कोण गेलं?" चेष्टा करत नव्हते ते, खरंच काळजीने विचारत होते. त्या दिवशी आमच्या कॉयरने, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाने, ‘देवाचं कोकरू’ ही प्रार्थना लॅटिनमध्ये, ‘आग्नुस देई’ म्हणून गायली होती. कीबोर्ड बंद, ऑक्टोपॅड बंद, गिटार भिंतीला टेकवून ठेवलेली. नुसता गळा. काकांनी सत्तरी ओलांडली आहे. असं गाणं त्यांनी ऐकलं ते लहानपणी, मयताच्या मिस्सेत, काळी वस्त्रं घातलेल्या पाद्रींच्या तोंडून. त्यामुळे ग्रेगोरियन गान, म्हणजे हे साथीशिवायचं लॅटिन गायन, कानी आलं की कुणीतरी गेलं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पायऱ्यांवर उभ्याउभ्या त्यांना काय सांगणार? म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मध्ययुगात युरोपच्या मठांत आणि कॅथेड्रलांत घडलेलं हे गायन आज कॅथलिक उपासनेत मुख्यतः दोन ठिकाणी टिकून आहे. एक, काही मठांत. दुसरं, जुन्या लॅटिन मिस्सेचा आग्रह धरणाऱ्या मंडळींकडे. बाकीच्या जगाला ते हेडफोनवर मिळतं. १९९४ साली स्पेनमधल्या सिलोसच्या मठातल्या संन्याशांच्या ध्वनिमुद्रणाच्या लाखो प्रती खपल्या. थकलेल्या माणसांना त्या स्वरांनी झोप लागत असेल तर चांगलंच आहे. पण ज्याच्यासाठी ते आहे तो रविवारी मिस्सेला येणारा साधा भाविक त्याला पारखा झाला आहे. त्याला ते मिळालं पाहिजे, थोडंच का होईना, आणि ऐकायला नव्हे, स्वतःच्या तोंडाने म्हणायला. हा माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न असता तर मी गप्प बसले असते. चर्चने स्वतः लिहून दिलेलं हे देणं आहे.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे रोममध्ये जमलेल्या जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, उपासनेविषयीचा आपला पहिला दस्तऐवज जाहीर केला. मिस्सा लोकभाषेत येण्याचं दार त्यानेच उघडलं, आणि आम्हा मराठी कॅथलिकांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण त्याच दस्तऐवजाच्या ११६व्या कलमात म्हटलं आहे की ग्रेगोरियन गान हे रोमन उपासनेचं खास आपलं गाणं आहे, आणि इतर गोष्टी समान असतील तर त्याला अग्रस्थान द्यावं. ५४वं कलम सांगतं की मिस्सेतले आपल्या वाट्याचे नित्य भाग भाविकांना एकत्र लॅटिनमध्येही म्हणता किंवा गाता यावेत, याची काळजी घ्या. ११७वं कलम लहान चर्चेससाठी सोप्या चालींचं पुस्तक करायला सांगतं. ते पुस्तक १९६७ साली निघालंही. पुढे १९७४च्या इस्टरला पोप सहावे पॉल यांनी ‘युबिलाते देओ’ नावाची छोटी पुस्तिका जगभरच्या बिशपांना पाठवली. प्रत्येक कॅथलिकाला निदान एवढं तरी गाता यावं, असा हा किमान संच. वेगवेगळ्या देशांचे लोक एका वेदीभोवती जमले तर त्यांना काहीतरी एकत्र गाता यायला हवं, हा त्यामागचा विचार.

पुढे काय झालं, ते कुठल्याही धर्मग्रामात, म्हणजे कुठल्याही चर्चच्या हद्दीत, जाऊन विचारा. पुस्तिकेचं नाव ऐकलेला माणूस सापडणं कठीण. ‘इतर गोष्टी समान असतील तर’ या शब्दांत पळवाट होती, आणि सगळे तिथूनच निघून गेले. बिशपांना अगदीच दोष देता येत नाही. मिस्सेचा सगळा ग्रंथ भाषांतरित करायचा, वेदी वळवायची, लोकांना नवी उत्तरं शिकवायची, एवढं काम एकदम अंगावर आलेलं. मराठी गीतं रचायला माणसं पुढे आली, हार्मोनियम-तबला चर्चमध्ये आला, भजनाच्या चालीवर स्तोत्रं आली. हे सगळं घडायलाच हवं होतं. त्याच दस्तऐवजाच्या ११९व्या कलमाने त्याला जागा करून दिली होती. पण एक कलम पाळताना दुसरं कपाटात गेलं, आणि साठ वर्षांत कुणी ते कपाट उघडलं नाही.

‘परिषदेच्या आधी सगळे किती सुंदर गायचे’ असं जुन्याचे अभिमानी सांगतात. तेही खरं नाही. बहुतेक ठिकाणी, बहुतेक रविवारी, लघु मिस्सा व्हायची. पाद्री वेदीकडे तोंड करून हळू आवाजात लॅटिन पुटपुटायचे आणि लोक जपमाळ ओढत बसायचे. ग्रेगोरियन गान कानी पडायचं ते मोठ्या सणाला नाहीतर मयताला, आणि तेही पाद्री किंवा कॉयरच्या तोंडून. काकांची आठवण याचाच पुरावा आहे. पोप दहावे पायस यांना ही परिस्थिती ठाऊक होती. २२ नोव्हेंबर १९०३च्या फर्मानात त्यांनी लिहिलं की हे गाणं लोकांच्या तोंडी परत आणा, म्हणजे पूर्वीसारखा उपासनेत त्यांचा सक्रिय सहभाग राहील. ‘सक्रिय सहभाग’ हा परिषदेचा लाडका शब्द साठ वर्षं आधी तिथे आला आहे, आणि आला आहे तो ग्रेगोरियन गानाच्याच संदर्भात! म्हणजे १९०३ साली सांगून झालं, १९६३ साली पुन्हा सांगून झालं, आणि सामान्य माणसाच्या हाती ते दोन्ही वेळा पडलं नाही. म्हणून मी ‘हरवलेलं परत द्या’ असं म्हणत नाही. जे कधी दिलंच नाही, ते आता द्या.

ते एवढं का हवं? आज आमच्या मिस्सेत चार गाणी असतात: प्रवेशाचं, अर्पणाचं, ख्रिस्तप्रसादाचं आणि शेवटचं. गाणी चांगली असतात, काही फारच चांगली. पण ती मिस्सेला लावलेली असतात. शनिवारी तालमीला बसून आम्ही ठरवतो, ‘उद्या हे घेऊ या, बरेच दिवस झाले नाही.’ हे मिस्सेत गाणं झालं. ग्रेगोरियन परंपरेत मिस्साच गायची असते. प्रवेशाला काय गायचं ते कॉयर ठरवत नाही. त्या दिवसाचा मजकूर ठरलेला, बहुधा बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतला, आणि चाल त्या मजकुरातून निघालेली. उपवासकाळातल्या चौथ्या रविवाराला ‘लेतारे’ म्हणतात आणि नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या तिसऱ्याला ‘गाउदेते’. आपले पाद्री त्या दोन दिवशी गुलाबी वस्त्र घालतात. ही दोन्ही नावं त्या रविवारच्या प्रवेशगानाचे पहिले शब्द आहेत. मयताच्या मिस्सेला ‘रेक्वियेम’ म्हणतात तेही असंच. गाणं आणि दिवस इतके एकजीव होते की दिवसाला गाण्याचंच नाव पडलं.

हे गाणं चालतं कसं, हे मराठी माणसाला समजायला वेळ लागू नये. स्तोत्र गायची रीत पाहा. सुरुवातीला दोन-तीन स्वरांची उचल, मग एका स्वरावर शब्द चालत राहतात, ओळीच्या मध्यावर छोटं वळण आणि थांबा, पुन्हा त्याच स्वरावर चाल, शेवटी दुसरं वळण. ओळ लांब असो की आखूड, चाल तीच. जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणते तेव्हा याहून वेगळं काय करते? तिचा मजकूर दर वेळी नवा, साचा तोच, आणि साचा शब्दांच्या सेवेला. ताल नसतो, पण लय असते. आणि याच्या अगदी उलट टोकाला ‘आलेलुया’. तिथे शेवटचा ‘आ’ सुटतो आणि स्वर शब्दाला मागे टाकून कितीतरी वेळ फिरत राहतो, आपण आलाप म्हणू तसा. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आसपास शब्दांविना उसळणाऱ्या अशाच आनंदघोषाबद्दल लिहिलं आहे, की माणसाचा आनंद शब्दांत मावत नाही तेव्हा तो नुसता स्वर काढतो. त्याच ऑगस्टीनना भीतीही वाटे. गाण्याचा अर्थ बाजूला राहून मला चालच अधिक भावली तर ते माझं पाप, अशी कबुली त्यांनी दिली आहे. उपासनेत गाणाऱ्या प्रत्येकाने ती कबुली वाचावी. मी दर दोन-तीन महिन्यांनी वाचते.

याच्या जन्माबद्दल एक सुंदर आख्यायिका आहे. पोप ग्रेगरी पहिले यांच्या खांद्यावर बसून कबुतराच्या रूपातला पवित्र आत्मा त्यांच्या कानात चाली सांगतो, असं चित्र जुन्या हस्तलिखितांत सापडतं. ग्रेगरी ६०४ साली वारले. आज आपण ज्याला ग्रेगोरियन म्हणतो ते त्यानंतर दीडशे-दोनशे वर्षांनी, रोमची परंपरा फ्रँक राजांच्या मुलखात, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीकडे, गेली तेव्हा दोहोंच्या मिश्रणातून घडलं, असं अभ्यासक मानतात. आणि ते घडलं तोंडातोंडी. स्पेनमधल्या सेव्हिलचे बिशप इसिडोर सातव्या शतकात लिहून गेले की स्वर माणसाच्या स्मरणात राहिले नाहीत तर नाहीसे होतात, कारण ते लिहिता येत नाहीत. इटलीतले संन्यासी ग्विदो दारेत्झो यांनी रेघांवर स्वर मांडायची पद्धत बसवली ती अकराव्या शतकात.

मधल्या काळाचं एक पान मी फोनवर कितीतरी वेळा उघडते. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन मठाच्या ग्रंथालयात ३५९ क्रमांकाचं हस्तलिखित आहे, इसवी सन ९२०च्या सुमाराचं, आता कुणालाही घरबसल्या पाहता येतं. लॅटिन शब्दांच्या डोक्यावर बारीक रेषा, आकड्यासारखी वळणं, ठिपके. स्वर मांडायच्या आडव्या रेघा नाहीत, त्यामुळे स्वर किती वर, किती खाली ते कळत नाही. चाल आधीच पाठ असलेल्या गायकासाठी ती खूण आहे. पण दोन बोटांनी पान मोठं करत गेलं की त्या रेषांच्या शेजारी इवलीशी अक्षरं दिसतात. कुठे ‘सी’, म्हणजे लवकर घे. कुठे ‘टी’, म्हणजे धरून ठेव. हजार वर्षांपूर्वीच्या कुणा गुरूने शिष्याच्या पाठीवर हात ठेवून सांगावं, ‘इथे घाई कर, इथे थांब’, तसं ते वाटतं. बंदिश शिकवताना गुरुजी वहीत पेन्सिलीने करतात ना खुणा, अगदी तशाच. हे गाणं कोरडं आणि भावनाशून्य आहे असं कुणी म्हटलं की मला ती ‘टी’ आठवते.

पुढे या गाण्याचे हालही झाले. १६१४-१५ साली रोममध्ये जे पुस्तक छापलं गेलं त्यात लांब स्वरावली निर्दयपणे छाटल्या होत्या, आणि पुढे कितीतरी काळ त्याचा प्रभाव राहिला. दुरुस्ती केली ती फ्रान्समधल्या सोलेम गावच्या बेनेडिक्टाइन संन्याशांनी. फ्रेंच क्रांतीनंतर ओस पडलेला तो मठ १८३३ साली प्रॉस्पेर गेरांजे यांनी पुन्हा वसवला. त्यांच्या शिष्यांनी युरोपभरची हस्तलिखितं जमवायला सुरुवात केली. १८८९पासून त्यांनी हस्तलिखितांची छायाचित्रं खंडाखंडाने प्रसिद्ध केली. त्यात एकच गान दोनशेहून अधिक हस्तलिखितांतून शेजारी शेजारी छापून दाखवलं, की बघा, देश वेगळे, शतकं वेगळी, चाल एक. १९०१ साली फ्रान्सच्या कायद्यामुळे त्यांना देश सोडून इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर जावं लागलं, पण काम थांबलं नाही, आणि त्यांच्या संशोधनावर उभं राहिलेलं नवं अधिकृत पुस्तक १९०८ साली निघालं.

हेच सोलेम आज कुठली मिस्सा करतं? परिषदेनंतरची, सहाव्या पॉल यांची नवी मिस्सा, लॅटिनमध्ये. १९७४ साली त्यांनी नव्या मिस्सेच्या क्रमानुसार लावलेलं गानपुस्तकही छापलं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण गेल्या काही वर्षांत या गाण्याच्या गळ्यात एका पक्षाचा बिल्ला अडकवला गेला आहे. २००७ साली पोप बेनेडिक्ट यांनी जुन्या मिस्सेला मोकळीक दिली, २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी ती आवळली, आणि त्या ओढाताणीत ग्रेगोरियन गान म्हणजे जुन्या मिस्सेवाल्यांचं निशाण अशी समजूत झाली. एका बाजूला परिषदेवर रागावलेली मंडळी ते ढालीसारखं पुढे धरतात. दुसऱ्या बाजूला पुरोगामी धर्मगुरू ‘हे सुरू केलं तर आपल्याला सनातनी म्हणतील’ या धास्तीने त्याला हात लावत नाहीत. दोघेही अन्याय करतात. जुन्या मिस्सेचा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा, गाणं त्यात ओढू नये. ११ मे २०२५ रोजी नवे पोप चौदावे लिओ सेंट पीटर्सच्या सज्जात आले आणि ‘रेजिना चेली’ ही मरियेची प्रार्थना त्यांनी नुसती म्हटली नाही, गायली. त्यात कुठला पक्ष होता? नेहमीची साधी चाल होती.

आता खरा अवघड आक्षेप. हे युरोपचं गाणं. ते आमच्यात आलं पोर्तुगीजांबरोबर, आणि पोर्तुगीज काय घेऊन आले ते वसईला आणि गोव्याला माहीत आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली काढलेल्या हुकुमात लग्नातल्या ओव्यांवरही बंदी घातली होती. ज्या धर्मसत्तेने आमच्या बायकांची ओवी गप्प केली तिचं गाणं मी कोणत्या तोंडाने मागते, असं मला एका तरुण धर्मगुरूंनी विचारलं. प्रश्न योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मला त्याचं उत्तर दोन ठिकाणी सापडतं. एक म्हणजे गोव्याच्या वाड्यावाड्यांवरचे खुरीस, म्हणजे क्रूस. तिथे लादिन ही सामूहिक प्रार्थना होते तेव्हा लॅटिन न शिकलेल्या बायका-पुरुष ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी विनंती कर) दोन आवाजांत, व्हायोलिनच्या साथीने गातात. ते ग्रेगोरियन नाही, पण लॅटिन आहे, आणि कुणाच्या जबरदस्तीने नाही. लोकांनी ते आपलं केलं, आपल्या गळ्यासारखं वळवलं. दुसरं उत्तर त्याच्याही आधीचं. इंग्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलेलं ख्रिस्तपुराण ओवीत आहे. लॅटिन उपासनेत वाढलेल्या माणसाने मराठीत ख्रिस्ताची कथा सांगायला नेमका तोच साचा उचलला, ज्यात मजकूर पुढे आणि चाल त्याच्या सेवेला. पुढे एकशेवीस वर्षांनी सत्तेने ओवीवर बंदी घातली, हा तिचा करंटेपणा. त्याची भरपाई करायची तर ओवीला वेदीपाशी मान द्यावा. म्हणून माझी मागणी दुहेरी आहे: लॅटिनमधलं थोडंसं गान, आणि वाचनानंतरचं स्तोत्र मराठीत, ओवीच्या चालीवर, बँडशिवाय. केरळच्या सिरो-मलबार चर्चने १९६२ साली सिरियाक भाषा सोडून मल्याळम् स्वीकारलं तेव्हा जुन्या कितीतरी चाली नव्या भाषेत आणल्या. पद्धत उचलली तर भाषा आड येत नाही.

मग लॅटिन तरी कशाला, कळत नाही ते? ‘आमेन’ हिब्रू, ‘आलेलुया’ हिब्रू, ‘होसान्ना’ हिब्रू. आणि ‘किरिये एलेइसोन’ (प्रभू, दया कर) तर लॅटिनही नाही, ग्रीक आहे. दर रविवारी ज्याचा मराठी अर्थ आपण तोंडपाठ म्हणतो तीच ‘देवाचं कोकरू’ची प्रार्थना महिन्यातून एकदा लॅटिनमध्ये गायली तर न कळण्यासारखं काय उरतं? आणि आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या माणसांचा विचार करा. एकाच चर्चमध्ये मल्याळी, गोवेकर, फिलिपिनो, वसईकर. तिथे सगळ्यांना एकत्र गाता येईल असं काय आहे? आज बहुधा इंग्रजी गीत. सहाव्या पॉल यांनी नेमकं याच प्रसंगासाठी ती पुस्तिका पाठवली होती.

ते कठीण आहे, असंही म्हणतात. मोठी गानं कठीणच आहेत, ती मठांना आणि तयारीच्या कॉयरला शोभतात. पण मिस्सेच्या नित्य भागांच्या चालींचे क्रमांक दिलेले संच असतात, त्यांतलं अठराव्या संचातलं, ‘युबिलाते देओ’ पुस्तिकेत घेतलेलं ‘आग्नुस देई’ मोजक्या स्वरांत बसतं, आणि तीच ओळ जवळजवळ तशीच तीनदा येते. आमच्या कॉयरला ते वीस मिनिटांत आलं. लोकांना यायला पाच रविवार लागले. पहिल्या रविवारी आम्ही नऊ जणच गात होतो. दुसऱ्या रविवारी पुढच्या दोन बाकांवरच्या बायका ओठ हलवू लागल्या. चौथ्या रविवारी, तिसऱ्या वेळी ‘दोना नोबिस पाचेम’ (आम्हांला शांती दे) येतं तेव्हा मागून एक जाड आवाज ऐकू आला. दाराजवळ कायम उभे राहणारे, प्रवचन सुरू झालं की बाहेर जाणारे पुरुष असतात ना, त्यांच्यातला. सुरात नव्हता. माझ्या पोटात काहीतरी हललं.

पाचव्या रविवारपर्यंत साधारण निम्मं चर्च गात होतं. काका गात नव्हते, आणि मी त्यांना आग्रह केला नाही. इस्टरला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड परत आले, मुलांनी दणक्यात गाणी म्हटली, ती मलाही हवीच होती. तरुण धर्मगुरूंशी बोलून आता ठरलंय ते असं: आगमनकाळाच्या चार रविवारी सोळाव्या संचातलं ‘किरिये’ घ्यायचं, आणि गाउदेतेच्या दिवशी स्तोत्र ओवीत. ओवी म्हणायला कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी येणार आहेत. त्यांनी चर्चमध्ये माइकसमोर कधी गायलेलं नाही, त्यामुळे तालीम त्यांच्याच ओट्यावर, शनिवारी संध्याकाळी, जपमाळ झाल्यावर.